जोसेफ ग्लिडन

जोसेफ फारवेल ग्लिडन (जन्म : १८ जानेवारी १८१३, चार्ल्सटाउन, न्यू हॅम्पशायर, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९०६, डीकॅल्ब, इलिनॉय) हे अमेरिकन शेतकरी, संशोधक व उद्योजक होते. व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरलेल्या पहिल्या काटेरी तारेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. तारेला काटे लावण्याची कल्पना त्यांच्याआधीही काही जणांना सुचली होती व तिची पेटंटेही घेतली गेली होती. परंतु काटा तारेवरून घसरू नये किंवा फिरू नये यासाठी तो दोन तारांच्या पिळात अडकवण्याची ग्लिडन यांची युक्ती सर्वांत सोपी व टिकाऊ ठरली. तिच्यामुळे उत्तर अमेरिकेतील वृक्षहीन गवताळ प्रदेशात, म्हणजेच प्रेअरीत, अल्प खर्चात शेताला कुंपण घालणे शक्य झाले. याच कुंपणाने खुल्या कुरणांवर चालणारी पशुपालनाची पद्धत संपुष्टात आणली आणि जमिनीच्या हक्कांवरून मोठे संघर्षही निर्माण केले.

सुरुवातीचे जीवन

ग्लिडन यांच्या वडिलांचे नाव डेव्हिड व आईचे नाव पॉली होते. जोसेफ लहान असतानाच हे कुटुंब न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील क्लॅरेंडन येथे स्थायिक झाले. घरची शेती सांभाळत जोसेफ यांनी शिक्षण घेतले आणि काही वर्षे शिक्षक म्हणून काम केले. मात्र त्यांचा ओढा शेतीकडेच होता.

१८३७ मध्ये त्यांचा विवाह क्लॅरिसा फॉस्टर यांच्याशी झाला. न्यू यॉर्कमध्ये स्वतःची पुरेशी जमीन घेणे परवडणारे नव्हते, म्हणून त्या काळातील अनेक तरुण शेतकऱ्यांप्रमाणे त्यांनी पश्चिमेची वाट धरली. १८४० च्या दशकाच्या प्रारंभी दोन मळणी यंत्रे सोबत घेऊन ते निघाले. वाटेत ठिकठिकाणी लोकांच्या धान्याची मळणी करून देत ते इलिनॉयमध्ये पोहोचले. शिकागोच्या पश्चिमेस सुमारे ९५ किलोमीटरवर असलेल्या एका लहान वस्तीजवळ त्यांनी रसेल हंटली या आपल्या नातलगाकडून ६०० एकर जमीन विकत घेतली. हीच वस्ती पुढे डीकॅल्ब या नावाने प्रसिद्ध झाली.

इलिनॉयमधील पहिला काळ त्यांच्यासाठी दुःखाचा ठरला. १८४३ मध्ये क्लॅरिसा यांचे निधन झाले आणि या विवाहातून झालेली मुलेही बालपणीच दगावली. १८५१ मध्ये ग्लिडन यांनी लुसिंडा वॉर्न यांच्याशी दुसरा विवाह केला. या दांपत्याला एल्वा ही एक मुलगी झाली. १८५२ मध्ये ग्लिडन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे डीकॅल्ब परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले. १८६१ मध्ये त्यांनी आपल्या शेतावर विटांचे घर बांधले. त्याच्या बांधकामात जेकब हेश या स्थानिक सुताराचा सहभाग होता. पुढे हेच हेश त्यांचे सर्वांत कडवे प्रतिस्पर्धी झाले.

प्रेअरीतील कुंपणाचा प्रश्न

ग्लिडन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन शेतकऱ्यांची अडचण लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत जनावरे मोकळी सोडण्याची प्रथा होती. गुरांना आवरण्याची जबाबदारी गुरांच्या मालकावर नसून पिकाला कुंपण घालण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर होती. ज्याच्या शेताला योग्य कुंपण नाही, त्याचे पीक दुसऱ्याच्या गुरांनी फस्त केले तरी त्याला भरपाई मिळणे कठीण असे. त्यामुळे कुंपण ही शेतीची पूर्वअटच होती.

पूर्वेकडील जंगलांच्या प्रदेशात याची फारशी झळ लागली नाही. तेथे शेतासाठी तोडलेल्या झाडांचेच ओंडके उभे चिरून त्यांच्या लांब फळ्या एकमेकींवर तिरक्या रचल्या जात. अशा नागमोडी कुंपणाला खिळे लागत नसत व खांबांसाठी खड्डेही खणावे लागत नसत. मात्र लाकूड व जागा दोन्ही भरपूर लागत. प्रेअरीत नेमका लाकडाचाच दुष्काळ होता. म्हणूनच इलिनॉयमध्ये आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांनी ओढ्यांच्या काठची व झाडांच्या लहान राईंजवळची जमीन आधी घेतली आणि मधली विस्तीर्ण, सुपीक माळजमीन बराच काळ ओस राहिली. १८३७ मध्ये जॉन डीअर यांनी इलिनॉयमध्येच तयार केलेल्या पोलादी नांगराने प्रेअरीची चिकट माती नांगरण्याचा प्रश्न सोडवला, तरी कुंपणाचा प्रश्न शिल्लक राहिला.

त्यावर अनेक उपाय करून पाहण्यात आले. काहींनी चर खणून त्याच्या मातीचा बांध घातला, परंतु तो पावसाने ढासळे. इलिनॉयमधील शिक्षक जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी १८४० च्या दशकापासून ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाच्या जिवंत कुंपणाचा पुरस्कार केला. हे झाड मूळचे टेक्सास, ओक्लाहोमा व आर्कान्सा या भागांतील. ओसेज जमातीचे लोक त्याच्या चिवट लाकडापासून धनुष्ये बनवीत. जवळजवळ लावलेली रोपे छाटून वाढवली की त्यांची दाट काटेरी भिंत तयार होई आणि तिच्यातून डुकरेदेखील आत शिरत नसत. परंतु अशी भिंत तयार होण्यास तीन-चार वर्षे लागत. तिची सतत छाटणी करावी लागे, कडेच्या पिकाला सावली लागे आणि शेताची हद्द बदलली तर कुंपण हलवता येत नसे.

साध्या लोखंडी तारेचे कुंपण स्वस्त होते, परंतु ती तार उन्हाळ्यात सैल पडे, कडाक्याच्या थंडीत तुटे आणि गुरे अंग घासून ती सहज वाकवीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ मोफत मिळू लागली, पण त्या जमिनीला लाकडी कुंपण घालण्याचा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा होता. कुंपणांवरील खर्च हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८७१ मध्ये देशभरातील कुंपणांची पाहणी केली, तेव्हा त्यांची एकूण किंमत पावणेदोन अब्ज डॉलरच्या घरात असल्याचे दिसून आले.

काटेरी तारेचा शोध

तारेला काटे जोडण्याची पेटंटे ग्लिडन यांच्यापूर्वीच देण्यात आली होती. १८६७ मध्ये ओहायोतील लुशन स्मिथ यांनी व १८६८ मध्ये न्यू यॉर्कमधील मायकेल केली यांनी अशी पेटंटे मिळवली. काटेरी झुडपांच्या कुंपणाची लोखंडी प्रतिकृती तयार करणे हाच या प्रयत्नांमागील विचार होता. परंतु या तारा महाग होत्या, बनवण्यास अवघड होत्या किंवा त्यांचे काटे जागेवर टिकत नव्हते. त्यामुळे त्यांचा प्रसार झाला नाही.

१८७३ च्या उन्हाळ्यात डीकॅल्ब येथे परगण्याची जत्रा भरली होती. तेथे हेन्री रोझ या शेतकऱ्याने टोकदार खिळे ठोकलेली एक लाकडी पट्टी मांडली होती. ही पट्टी तारेच्या कुंपणावर टांगली की अंग घासायला आलेल्या गुराला टोचे व ते मागे सरे. ही पट्टी पाहणाऱ्यांत तीन स्थानिक माणसे होती : शेतकरी जोसेफ ग्लिडन, लोखंडी सामानाचे व्यापारी आयझॅक एलवुड आणि आता लाकडाचा व्यापार करणारे जेकब हेश. लाकडी पट्टी न वापरता काटे थेट तारेवरच का बसवू नयेत, हा विचार तिघांच्याही मनात आला आणि तिघेही स्वतंत्रपणे कामाला लागले.

ग्लिडन त्या वेळी साठ वर्षांचे होते. लुसिंडा यांच्या बागेत गुरे शिरत असत व त्यांना रोखण्यासाठी ग्लिडन यांनी हे काम हाती घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. काटे वळवण्यासाठी त्यांनी कॉफी दळण्याच्या हातचक्कीत फेरफार केला. चक्की फिरवली की तारेच्या लहान तुकड्याला वेढा पडे आणि त्याची दोन्ही टोके विरुद्ध दिशांना बाहेर राहत. असे वेढे त्यांनी लांब तारेवर ओवले. परंतु तारेवर ओवलेला काटा सरकत असे व गुराने ढकलला की नुसता गोल फिरत असे. यावर त्यांनी शोधलेला उपाय हाच त्यांच्या शोधाचा गाभा होय. काटे ओवलेल्या तारेशेजारी त्यांनी दुसरी तार घेतली आणि धार लावण्याच्या दगडी चाकाच्या दांड्याला दोन्ही तारा बांधून चाक फिरवत त्यांना पीळ दिला. पिळामुळे दुसरी तार प्रत्येक काट्याला घट्ट धरून ठेवू लागली व काटे जागच्या जागी पक्के झाले.

या रचनेचा आणखी एक लाभ होता. पीळ दिलेली दुहेरी तार एकेरी तारेपेक्षा मजबूत असते. उष्णतेने ती प्रसरण पावली तरी पीळ थोडा सुटतो आणि थंडीत आकुंचन पावली तरी पीळ ताण सहन करतो. त्यामुळे साध्या तारेचे सैल पडण्याचे व तुटण्याचे दोषही बऱ्याच अंशी कमी झाले.

पेटंट व भागीदारी

ग्लिडन यांनी २७ ऑक्टोबर १८७३ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. दरम्यान हेश यांनीही दावे दाखल करून त्याला आव्हान दिले, त्यामुळे निर्णय लांबला. अखेर २४ नोव्हेंबर १८७४ रोजी ग्लिडन यांना १५७१२४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. हेश यांनी इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा काटा तयार करून १८७५ मध्ये वेगळे पेटंट घेतले आणि आपला कारखाना चालू ठेवला.

एलवुड यांनीही स्वतःची एक काटेरी तार बनवून तिचे पेटंट घेतले होते, परंतु ग्लिडन यांची रचना अधिक चांगली आहे हे त्यांनी मान्य केले. जुलै १८७४ मध्ये, म्हणजे पेटंट मंजूर होण्याआधीच, त्यांनी २६५ डॉलर देऊन ग्लिडन यांच्या हक्काचा निम्मा वाटा विकत घेतला. दोघांनी मिळून बार्ब फेन्स कंपनी स्थापन केली व डीकॅल्बमध्ये उत्पादन सुरू झाले. ग्लिडन यांच्याकडे कल्पना होती, तर एलवुड यांच्याकडे विक्रीचे कसब.

डीकॅल्बमधून साध्या तारेची मागणी एकाएकी वाढल्याचे मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील वॉशबर्न अँड मोएन या मोठ्या तार उत्पादक कंपनीच्या लक्षात आले. कंपनीचे चार्ल्स वॉशबर्न स्वतः चौकशीसाठी इलिनॉयला आले. काटे बसवणारे स्वयंचलित यंत्र तयार करवून घेतल्यानंतर १८७६ मध्ये कंपनीने ग्लिडन यांचा उरलेला निम्मा वाटा ६०,००० डॉलरना विकत घेतला. याशिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर पौंड तारेमागे २५ सेंट स्वामित्वधन त्यांना पेटंटची मुदत संपेपर्यंत मिळणार होते. एलवुड यांनी आपला वाटा न विकता कंपनीशी भागीदारी केली. ग्लिडन मात्र या व्यवहारानंतर उत्पादनातून बाजूला झाले.

यानंतर काटेरी तारेचा प्रसार अतिशय वेगाने झाला. १८७४ मध्ये अमेरिकेत केवळ १०,००० पौंड काटेरी तार तयार झाली होती. १८७५ मध्ये हा आकडा ६ लाख पौंडांवर गेला आणि १८८० मध्ये तो ८ कोटी पौंडांच्या पुढे पोहोचला. बेसेमर पद्धतीने पोलाद स्वस्त झाल्याने किंमतही उतरत गेली. १८७४ मध्ये शंभर पौंड तारेला २० डॉलर पडत. १८८० मध्ये १०, तर १८९७ मध्ये २ डॉलरहून कमी पडू लागले. रेल्वेने आणलेली तारेची भेंडोळी आणि थोडेसे खांब एवढ्या साहित्यावर एखादे शेतकरी कुटुंब काही दिवसांत आपल्या शेताला कुंपण घालू शकत होते. ओसेज ऑरेंजच्या नव्या कुंपणांची लागवड मागे पडली, परंतु त्या झाडाचे न कुजणारे लाकूड काटेरी तारेच्या खांबांसाठी पुढेही वापरले गेले.

न्यायालयीन लढा

पेटंटच्या मालकीवरून जवळजवळ वीस वर्षे खटले चालले. वॉशबर्न अँड मोएन कंपनीने पूर्वीच्या संशोधकांची पेटंटेही विकत घेतली आणि परवान्याशिवाय तार बनवणाऱ्या लहान कारखानदारांवर दावे लावले. डिसेंबर १८८० मध्ये इलिनॉयमधील संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिल्यावर बहुतेक उत्पादकांना परवाना घेणे भाग पडले. या मक्तेदारीमुळे तार महाग राहते अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. आयोवातील शेतकऱ्यांनी तर संघटना स्थापून परवाना नसलेल्या कारखान्यास पाठबळ दिले व न्यायालयात लढा दिला.

ग्लिडन यांनी खरोखर नवे काही शोधले होते काय, हा या खटल्यांतील कळीचा मुद्दा होता. केली यांच्या पेटंटमध्येही तारेवर काटे होतेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी १८९२ रोजी ग्लिडन यांचे पेटंट वैध ठरवले. केली व ग्लिडन यांच्या तारांमधील फरक लहान असला, तरी अपयशाचे यशात रूपांतर करणारे शेवटचे पाऊल ग्लिडन यांनीच टाकले आणि कायदा अशा पाऊल टाकणाऱ्याला श्रेय देतो, असा या निकालाचा आशय होता. निकाल लागला तेव्हा पेटंटची सतरा वर्षांची मुदत संपून काही महिने झाले होते. तरीही काटेरी तारेच्या शोधाचे श्रेय ग्लिडन यांच्या नावे कायम होण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

टेक्सासमधील कुंपणे व संघर्ष

काटेरी तारेची सर्वांत मोठी बाजारपेठ टेक्सास राज्यात होती, पण तेथील पशुपालकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ग्लिडन यांचे विक्रेते हेन्री सॅनबॉर्न यांनी टेक्सासमध्ये तारेचा प्रसार केला. १८८१ च्या सुमारास ग्लिडन व सॅनबॉर्न यांनी भागीदारीत टेक्सासच्या उत्तर टोकाला गुरांचे एक मोठे रँच उभारले. लांबलचक कुरणालाही तारेचे कुंपण घालता येते हे दाखवणे हा त्यामागील एक हेतू होता. तेथे सुमारे १२० मैल लांबीचे कुंपण घालण्यात आले. त्यासाठीची तार कॅन्सासमधील डॉज सिटी या रेल्वे स्थानकावरून बैलगाड्या व घोडागाड्यांतून आणावी लागली. गुरांवर डागण्यात येणारी रँचची खूण तळण्याच्या तव्यासारखी दिसे, म्हणून हे रँच फ्राइंग पॅन या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे त्याची व्यवस्था ग्लिडन यांचे जावई विल्यम बुश यांच्याकडे गेली. सॅनबॉर्न यांचा जवळच्या अमारिलो शहराच्या उभारणीत पुढाकार होता.

शेतकऱ्याचे पीक वाचवण्यासाठी जन्मलेली तार येथे वेगळ्याच कामासाठी वापरली जाऊ लागली. मोठ्या पशुपालकांनी स्वतःच्या जमिनीबरोबरच सरकारी माळराने, पाणवठे व सार्वजनिक रस्तेही कुंपणाआड घेतले. ज्यांच्या मालकीची जमीन नव्हती व ज्यांची गुरे खुल्या कुरणांवर चरत, अशा लहान पशुपालकांना चारा-पाणी मिळेनासे झाले. १८८३ च्या अवर्षणात हा असंतोष उफाळून आला. रात्री टोळ्या करून मैलोन्‌मैल तारा कापण्यात आल्या व काही ठिकाणी रक्तपातही झाला. १८८४ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशनात कुंपण कापणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरवला. त्याचबरोबर दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीला कुंपण घालण्यासही बंदी केली आणि सार्वजनिक रस्ता अडवणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक ठेवण्याचे बंधन घातले. सरकारी जमिनीवरील बेकायदा कुंपणांविरुद्ध संघराज्याचा कायदा १८८५ मध्ये झाला.

जनावरांनाही या तारेचा त्रास झाला. काटे ठाऊक नसलेली गुरे व घोडे जखमी होत आणि टेक्सासच्या उष्ण हवेत जखमांमध्ये अळ्या पडत. काही राज्यांत तारेवर बंदी घालण्याची मागणी झाली. पुढे काटे कमी तीक्ष्ण व दुरूनही दिसतील असे करण्यात आले. जानेवारी १८८६ मधील हिमवादळात उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारी हजारो गुरे टेक्सासच्या उत्तर भागातील लांब कुंपणांपाशी अडकली व गोठून मेली. या व पुढील वर्षीच्या हिवाळ्यातील हानीनंतर गुरे मोकळी सोडण्याची पद्धत झपाट्याने मागे पडली. बंदिस्त कुरण, साठवलेले गवत आणि पवनचक्कीने उपसलेले पाणी यांवर आधारलेले पशुपालन रूढ झाले. गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्या काउबॉयच्या जीवनपद्धतीचाही यामुळे अस्त झाला.

मूळ रहिवाशांच्या दृष्टीने काटेरी तार ही आधीच सुरू असलेल्या विस्थापनावर उमटलेली मोहोर होती. ज्या उत्तर इलिनॉयमध्ये ग्लिडन यांनी शेती केली, तेथील पोटावाटोमी जमातीला १८३३ च्या शिकागो करारान्वये आपली भूमी सोडावी लागली होती. पश्चिमेकडील मैदानांतही शिकारीसाठी व स्थलांतरासाठी वापरली जाणारी भूमी तारांनी तुकड्यातुकड्यांत विभागली गेली.

उत्तरायुष्य

पेटंटच्या उत्पन्नामुळे ग्लिडन श्रीमंत झाले, तरी ते डीकॅल्ब सोडून गेले नाहीत. शेतीबरोबरच त्यांनी गावात हॉटेल चालवले व बँकेच्या कारभारातही भाग घेतला. इलिनॉय राज्याने उत्तर भागात शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय स्थापन करण्याचे ठरवले, तेव्हा ते डीकॅल्बमध्ये यावे यासाठी ग्लिडन, एलवुड व हेश हे तिन्ही प्रतिस्पर्धी एकत्र आले. ग्लिडन यांनी आपल्या शेतातील ६० एकरांहून अधिक जमीन या संस्थेला दान केली. १८९५ मध्ये संस्थेला मंजुरी मिळाली व १८९९ मध्ये ती सुरू झाली. आज ती नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

लुसिंडा यांचे १८९५ मध्ये निधन झाले. ९ ऑक्टोबर १९०६ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी ग्लिडन यांचा डीकॅल्ब येथे मृत्यू झाला.

वारसा

ग्लिडन यांच्या हयातीतच काटेरी तार शेताबाहेर पडली होती. दक्षिण आफ्रिकेतील दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैन्याने माळरानावर लहान गढ्यांच्या रांगा उभारून त्यांच्यामध्ये काटेरी तारा ताणल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढील तारांची जाळी हे युद्धभूमीचे ओळखचिन्ह ठरले. विसाव्या शतकात तुरुंग, छळछावण्या व देशांच्या सीमा यांच्याशीही ती जोडली गेली.

शेतीत मात्र तिचे मूळ स्थान टिकून आहे. ग्लिडन यांच्यानंतर काटेरी तारेचे शेकडो प्रकार निघाले, तरी पिळलेल्या दुहेरी तारेत अडकवलेला काटा हे आजच्या तारेचेही मूलभूत रूप आहे. डीकॅल्ब शहराला या उद्योगावरून बार्ब सिटी हे टोपणनाव मिळाले. ग्लिडन यांचे १८६१ मधील घर १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत समाविष्ट करण्यात आले असून तेथे त्यांच्या कार्याची माहिती देणारे संग्रहालय आहे. कॅन्सास राज्यातील ला क्रॉस येथे केवळ काटेरी तारेला वाहिलेले संग्रहालय असून तेथे या तारेचे असंख्य नमुने जतन करण्यात आले आहेत.